भुईमुगाआधीची चवळी : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्राने हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. त्यांचे नाव निघताच भुईमूग आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु भुईमुगावरील त्यांची गाजलेली पुस्तिका १९१६ सालची. त्याआधी तेरा वर्षे, म्हणजे १९०३ साली, त्यांनी एका अधिक साध्या पिकाचा पुरस्कार करणारी पुस्तिका काढली होती. ते पीक होते चवळी. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘काऊ पी’, ‘फील्ड पी’ अथवा ‘सदर्न पी’ म्हणून ओळखले जाणारे आणि दुकानात ‘ब्लॅक-आइड पी’ या नावाने मिळणारे कडधान्य म्हणजे आपल्या उसळीतली चवळीच होय.

जॉर्जचा जन्म मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ, मोझेस व सुझन कार्व्हर यांच्या शेतावर, १८६४च्या सुमारास झाला. नेमकी तारीख कोणी नोंदवली नाही. गुलामाच्या मुलाची तारीख नोंदवण्याची कोणाला गरज वाटत नसे. यादवी युद्धाच्या त्या धामधुमीत दरोडेखोरांनी त्याच्या आईला, मेरीला, तान्ह्या जॉर्जसह पळवून नेले. मूल परत मिळाले, आई मिळाली नाही. त्या मुलाच्या मोबदल्यात मोझेस यांना एक घोडा द्यावा लागला, असे सांगतात. प्रकृतीने नाजूक असल्याने जॉर्जच्या वाट्याला शेतातील कष्टाची कामे फारशी आली नाहीत. सुझनबरोबर स्वयंपाक, धुणे आणि शिवण शिकत तो वाढला. उरलेला वेळ रानात जाई. आजारी झाडे बरी करणारा मुलगा म्हणून शेजारीपाजारी त्याला ओळखू लागले.

शिक्षणासाठी त्याने पुढे जी पायपीट केली, ती सर्वपरिचित आहे. निओशो येथील कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकताना मरायाह वॉटकिन्स यांनी त्याला आसरा दिला. कॅन्सासमध्ये लोकांचे कपडे धुऊन तो शिकत राहिला. तेथील एका महाविद्यालयाने आधी प्रवेश देऊन, समोर उभा राहिलेला विद्यार्थी कृष्णवर्णीय आहे हे पाहताच तो नाकारला. अखेर १८९० साली आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात त्याला चित्रकला शिकता आली. त्याची वनस्पतींची जाण ओळखून तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याला एम्सच्या कृषी महाविद्यालयाची वाट दाखवली. तेथून कार्व्हर १८९४ साली पदवीधर झाले आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावले. एम्समधले स्थैर्य सोडून कार्व्हर दक्षिणेत आले, तेव्हा त्यांच्यासमोर होता तो केवळ कापूस. पिढ्यान्‌पिढ्या एकच पीक घेऊन जमिनीचा कस गेला होता, पावसाने वरची माती वाहून नेली होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण मुक्त झालेला शेतकरी बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबत होता. बी-बियाणे, अवजारे आणि खाण्याचे सामानही तो दुकानदाराकडून उधारीवर घेई, आणि त्या उधारीला तारण असे उभ्या कापसाचे. त्यामुळे झोपडीच्या दारापर्यंत कापूसच लावला जाई. भाजीच्या वाफ्याला जागा उरत नसे. मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि मळी यांवर घरे जगत. अशा निकस आहारातून उद्भवणाऱ्या पेलाग्रा या रोगाने पुढे दक्षिणेत हजारोंना ग्रासले.

या परिस्थितीत महाग रासायनिक खत सुचवणे निरर्थक होते. १८९७ साली राज्य विधिमंडळाने टस्कीगीला कृषी प्रयोग केंद्र मंजूर केले खरे, पण त्याच्या खर्चासाठी वर्षाला अवघे १,५०० डॉलर ठेवले. कार्व्हर यांनी ही तुटपुंजी मदतच आपली कसोटी मानली. जे शेतकऱ्याला फुकट मिळू शकेल, त्यावरच प्रयोग करायचे. रानातला पालापाचोळा, दलदलीतला काळा गाळ, शेणखत, आणि हवेतला नत्र.

हवेतला नत्र जमिनीत आणण्याचे काम चवळीचे. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात बांधून ठेवतात. शेंगा तोडल्यावर वेल जमिनीत गाडला की त्यातला बराच अंश पुढच्या पिकाला लाभतो. शिवाय चवळी हलक्या जमिनीत येते, उष्णता सोसते, दोन-तीन महिन्यांत हाती लागते. दाणे माणसाला, पाला जनावराला. उत्तरेत पांढऱ्या घेवड्याला जे स्थान आहे ते दक्षिणेत चवळीला मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच १९०८ साली त्यांनी चवळी शिजवण्याच्या पद्धतींची स्वतंत्र पुस्तिका काढली. पीक सुचवणाऱ्याने ते ताटात कसे जावे हेही सांगितले पाहिजे, ही समज सुझनच्या स्वयंपाकघरात घडलेल्या माणसाची होती.

या आग्रहात एक अंतर्गत न्यायही होता. चवळी मूळची आफ्रिकेतली. गुलामांच्या व्यापाराबरोबर ती अमेरिकेत आली, आणि त्याच लोकांच्या हातांनी येथे रुजली. नववर्षाच्या दिवशी तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवण्याची दक्षिणेतील प्रथा याच वारशातून आलेली. कार्व्हर आपल्या लोकांना नवखे काही देत नव्हते. कापसाने हिरावलेले त्यांचेच धान्य त्यांच्या अंगणात परत आणू पाहत होते.

१९०६ साली न्यूयॉर्कचे मॉरिस जेसप यांच्या देणगीतून तयार झालेली, अवजारे आणि बियाण्यांनी भरलेली घोडागाडी टस्कीगीहून खेड्यांकडे निघाली. जो शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नव्हता, त्याच्या बांधापर्यंत संस्था गेली. तरीही कार्व्हर यांच्या यशाला मर्यादा पडल्या, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. चवळीने जमीन सुधारते हे वाटेकऱ्याला पटे. पण जमीन त्याची नव्हती. यंदा कसलेले शेत पुढच्या वर्षी त्याच्याकडे राहील याची खात्री नव्हती, आणि सावकाराला कापूसच हवा होता. मातीचे दुखणे कार्व्हर यांना उमगले होते. मालकीचे दुखणे प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्यांच्याकडे थोडीफार स्वतःची जमीन होती, त्यांना या सल्ल्याचा अधिक लाभ झाला.

१९१०च्या सुमारास कापसावरील बोंड भुंगा अलाबामात शिरला आणि पर्यायी पिकांची चर्चा निकडीची झाली. भुईमूग पुढे आला. १९२१ साली कार्व्हर यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर भुईमुगाची बाजू मांडली आणि ते देशभर प्रसिद्ध झाले. चवळी त्या झगमगाटात मागे पडली. पण त्यांची दृष्टी बदलली नाही. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांनी काढलेली पुस्तिका रानात आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पतींवर होती. ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची सुमारे ६० हजार डॉलरची बचत त्यांनी संशोधनासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला दिली. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती लाभली.

आज अमेरिकेतील कितीतरी मराठी घरांच्या परसात लाकडी चौकटीचे उंच वाफे असतात. त्यांत चवळी सहज येते, कारण अशा वाफ्याची माती लवकर तापते आणि पाणी साचू देत नाही. रात्रीच्या दहिवराची भीती सरली आणि माती ६५ अंश फॅरनहाइटच्या वर स्थिरावली की बी सुमारे एक इंच खोल टोकावे, रोपांत चार इंचांचे अंतर राखावे. दिवसभराचे ऊन हवे. नत्रयुक्त खत घालण्याचा मोह टाळावा. त्याने वेल माजतो आणि शेंगा कमी धरतात. फुलोऱ्याच्या वेळी पाण्याची हयगय करू नये. कोवळ्या शेंगांची भाजी होते, फुगलेल्या शेंगांचे ओले दाणे सोलता येतात, आणि वाळून खडखडू लागलेल्या शेंगा वर्षभराच्या उसळीची बेगमी करतात. साठवणीत भुंगा लागू नये म्हणून वाळके दाणे काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवणे हिताचे.

हंगाम संपल्यावर मात्र झाडे उपटू नयेत. ती जमिनीलगत कापावीत, पाला वाफ्यावरच पसरावा आणि मुळे मातीत राहू द्यावीत. मातीकडून घेतलेले तिला परत द्यावे, एवढेच कार्व्हर अलाबामातील शेतकऱ्याला वर्षानुवर्षे सांगत होते. ज्याला ती माती स्वतःची म्हणता येते, त्याला तर हे करणे फारच सोपे आहे.