अकरा दिवस झाडपाल्यावर जगलेली मुलगी

साल 1874 च्या आसपासचं. तिरुपतीच्या डोंगराजवळच्या जंगलात पाच जणांचं एक कुटुंब शिरलं. यात्रेला नाही, मरायला. वडील म्हातारे आणि जवळजवळ आंधळे, आई आजारी, दोन मुली आणि एक मुलगा. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला होता, जवळचे पैसे, दागिने, भांडी सगळं विकून झालं होतं. अकरा दिवस आणि अकरा रात्री हे लोक पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. त्यातली धाकटी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. आज आपण तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो. ओळखतो म्हणजे, शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो तेवढंच.

उलव्यात सिडकोच्या 10 एकर जागेवर तिरुपती देवस्थानाच्या मंदिराचं भूमिपूजन जून 2023 मध्ये झालं. तेव्हापासून इथे बालाजीचा विषय निघाला की मला हीच गोष्ट आठवते. कारण त्या जंगलात जे घडलं, तो खरं तर देवावरच्या विश्वासाचाच प्रश्न होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं म्हणून समाजाशी वाकडं घेतलं आणि गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तिथेच 23 एप्रिल 1858 ला रमाबाईंचा जन्म झाला. त्या सहा महिन्यांच्या असतानाच आश्रम मोडला आणि त्यांना वेताच्या टोपलीत घालून कुटुंबाची भटकंती सुरू झाली. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं. आईने मुलीला भागवताचे अठरा हजार श्लोक तोंडपाठ करून घेतले. हातात पैसा होता तोवर तो दानधर्मात, ब्राह्मणभोजनात, व्रतांमध्ये गेला. शास्त्रीबुवांचा हिशेब साधा होता. देवाचं सगळं नीट केलं की देव सांभाळतो.

दुष्काळात तो हिशेब चुकला. मजुरी करणं हा पर्याय घरात कोणाच्या डोक्यातच आला नव्हता, एवढ्या मोठ्या पंडिताच्या मुलाने ओझी कशी उचलायची? मग देवाचा कौल मिळेना, अन्न मिळेना, तेव्हा म्हाताऱ्याने ठरवलं की पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायची. निरोपही घेऊन झाले. शेवटी मुलगा, श्रीनिवास, पुढे झाला. जातीचा अभिमान सोडतो, पडेल ते काम करतो, पण हे नको, असं त्याने सांगितलं. वडिलांनी ऐकलं. पण शरीर संपलं होतं, ते थोड्याच दिवसांत गेले. जाण्याआधी त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि देवाची सेवा करत सरळ मार्गाने जगायला सांगितलं. मागोमाग आई गेली. तिला न्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंची कमी असल्याने खांद्यावर बांबू टेकेना, म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली.

इथे माझ्यासारख्या कुणाचाही विश्वास कायमचा उडाला असता. रमाबाई आणि श्रीनिवास यांचाही बराच उडाला. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले, कित्येक रात्री उपाशी आणि उघड्यावर काढल्या, देवळं पाहिली, व्रतं केली, आणि पोथीत सांगितलेलं फळ काही मिळालं नाही हे त्यांना स्पष्ट दिसलं. 1878 मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी विशीतल्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, चला, आता गाडी रुळावर आली.

दोनच वर्षांत, 1880 मध्ये, ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला. स्वतःच्या मरणापेक्षा त्याला काळजी होती ती बहिणीची, हिचं आता कसं होणार याची. रमाबाईंनी त्याला सांगितलं की आपल्या दोघांची काळजी घेणारा आता देवाशिवाय कोणीच नाही. तो म्हणाला, तसं असेल तर मग मला कशाचीच भीती नाही. भाऊ गेला, आणि त्या एकटेपणात रमाबाईंना देव जवळ असल्यासारखं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. मला या सगळ्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण यात काही मागणं नाही. नवस नाही, मोबदला नाही. भावाला वाचव अशी अट घालून ठेवलेला हा विश्वास नव्हता. तो देव नेमका कोणता, हेही त्या वेळी त्यांच्या मनात पक्कं नव्हतं.

पुढचं भरभर सांगते. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. वय वर्षं 23, कडेवर तान्हं मूल, आणि त्या काळातलं वैधव्य. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे बायकांना डॉक्टर आणि शिक्षिका करायला हवं अशी साक्ष दिली. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. स्वतः डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू झाले होते, ते राहून गेलं. सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिथे आत्महत्या केली. आणि 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजच्या मठात रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता कोणालाही वाटेल की धर्म बदलला आणि मनाला शांती मिळाली. तसं झालं नाही. नवा धर्म त्यांनी डोळे मिटून घेतला नव्हता. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्या पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत होत्या, त्रैक्य म्हणजे काय, चर्चची माणसं सांगतात ते आपण का मानायचं, माझ्या मुलीने काय खायचं हे दुसरं कोण ठरवणार. जेराल्डीनबाईंना हा गर्विष्ठपणा वाटायचा. खुद्द रमाबाईंनी 1907 मध्ये आपल्या आयुष्याची हकिगत लिहिली, त्यात त्या मान्य करतात की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त काही मिळाला नव्हता. म्हणजे मनाचं स्वास्थ्य आलं ते 1891 च्या सुमाराला. आठ वर्षं! आपल्याला दहा मिनिटांच्या मेडिटेशन अ‍ॅपने फरक पडला नाही तर आपण ते डिलीट करतो.

आणि ते आलं तेव्हा बाहेर सगळं आलबेल होतं असंही नाही. अमेरिकेत दोन-अडीच वर्षं फिरून, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून त्यांनी पैसे उभे केले होते आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नातू होत्या, ज्यांनी पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केला. सदन पुण्याला हलल्यावर वाद पेटला. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. मुली ख्रिस्ती होतील म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीसेक मुली घरी नेल्या. पालकांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या शब्दावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. पण स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या, हेही तितकंच खरं.

मग 1896 चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात. बातम्या वाचून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. बोस्टनहून येणारा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होता, दुष्काळातल्या मुलींसाठी नव्हता. म्हणजे खिशात फारसं काही नाही. तरी त्या निघाल्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी जॉर्ज म्युलर नावाच्या माणसाने कोणाकडे वर्गणी न मागता, नुसत्या प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं वाढवली होती, त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. सुमारे 300 मुली आणि बायका त्या घेऊन आल्या, कोणत्या जातीच्या हे न विचारता.

त्यांना ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेग, नव्या माणसांना मज्जाव. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी साधारण शंभर एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती, तिथे झोपड्या आणि तंबू ठोकले. विहिरी खणल्या. हेच पुढे ‘मुक्ती’. याच काळात पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, ते प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. देवावर भार टाकलेल्या माणसाने गप्प बसायचं असतं, असं त्यांच्या डोक्यात कधी नव्हतंच.

वडिलांचा विश्वास त्यांना तळ्याच्या काठापर्यंत घेऊन गेला होता, मुलीचा विश्वास दुष्काळी गावात घेऊन गेला. दोघांनीही सगळं देवावर सोडलं होतं. फरक कुठे पडला? माझ्या मते श्रीनिवास जंगलात जे बोलला तिथे. काम करतो, पण हे नको. मुक्तीत प्रत्येकीला काम होतं, शेती, गोठा, विणकाम, शिवण, छापखाना. पोटाशी हात धरून आलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचं रोजचं जेवण म्हणजे काय, हे ज्याने कॉलेज फेस्टमध्ये तीनशे जणांचा नाश्ता सांभाळलाय त्याला विचारा.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाई आणखी एका कामात होत्या. बायबलचं मराठी भाषांतर, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्या भाषा त्या उतारवयात शिकल्या. हे काम म्हाताऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या बाईने, गावखेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीचा हट्ट धरून केलं.

भाषांतर संपत आलं होतं तेव्हा, जुलै 1921 मध्ये, मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आईनंतर मुक्तीचा कारभार तीच बघणार असं सगळ्यांनी धरलं होतं. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, मैत्रीण आणि आता एकुलती एक लेक. रमाबाई स्वतः आजारी होत्या. त्या मुद्रितं तपासत राहिल्या.

5 एप्रिल 1922 ला त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले होते.