फिनियास गेज : घावानंतरची बारा वर्षे



डोक्याला जबर मार बसलेला माणूस पुन्हा पूर्वीसारखा होतो का? असा प्रश्न निघाला की आम्हाला फिनियास गेज आठवतो.

गेज हा अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी, व्हरमाँट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ तो खडकात सुरुंगाची दारू ठासत होता. अचानक स्फोट झाला. सुमारे ६ किलो वजनाची, साडेतीन फूट लांबीची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. तरीही काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामी आला!

डॉ. जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले. जखम चिघळली, गेज जवळजवळ बेशुद्धीत गेला. डॉक्टरांनी पू काढला आणि ऑक्टोबरात तो उभा राहिला. डावा डोळा गेला, पण स्मरणशक्ती शाबूत होती. मात्र, चार खड्यांसाठी हजार डॉलर देऊ केले तरी तो घेईना. किमतीचा अंदाजच सुटला होता. दहा आठवड्यांनी तो घरी परतला.

शरीर सावरले, स्वभाव मात्र बदलला. पूर्वीचा कर्तबगार मुकादम आता लहरी, उतावळा झाला होता. बेत आखायचा आणि सोडून द्यायचा. जुन्या मालकांनी त्याला परत कामावर घेतले नाही.

बहुतेक पुस्तके त्याची कथा इथेच संपवतात. आम्हाला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. गेजने घोड्यांच्या तबेल्यात काम धरले. १८५२ मध्ये तो चिली देशात गेला आणि तिथे अनेक वर्षे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. घोड्यांची निगा, वाटेतील वळणे, प्रवाशांशी वागणे, हे सारे त्याला जमत होते. रोजच्या ठरलेल्या कामाने त्याची घडी पुन्हा बसवली असावी, असे आज काही अभ्यासक मानतात.

१८५९ मध्ये प्रकृती ढासळल्याने तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. पुढे झटके येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी त्याचे निधन झाले. त्याची कवटी व ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

मेंदू सावरतो, पण टप्प्याटप्प्याने. आधी शुद्ध, मग चालणे-बोलणे, आणि सर्वांत शेवटी समज व वागणूक. म्हणून अपघातातून उठलेला एखादा सोबती चिडला, विसरला, तर त्याला हसू नका. त्याला वेळ द्या, नेमाचे काम द्या. गेजला तेच उपयोगी पडले, असे आम्हाला वाटते.