लोकमाता अहिल्याबाई : आई, आजी आणि विश्वस्त

कपिलधारच्या दरीत श्रावणात उभे राहावे. वरून कोसळणारी जलधारा, भोवतीची हिरवाई आणि संत मन्मथस्वामींची संजीवन समाधी यांच्या सान्निध्यात मन आपोआप शांत होते. कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या पायी येथे येतात. या क्षेत्राजवळच्या मांजरसुंब्याहून एक रस्ता पाटोद्यामार्गे जामखेडकडे जातो. त्या तालुक्यात सीना नदीच्या काठी चौंडी हे लहानसे गाव आहे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला परळीचे वैद्यनाथाचे मंदिर आहे आणि पश्चिमेला शिवेपलीकडे चौंडी. या दोन्ही स्थळांना जोडणारे नाव एकच, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. चौंडी हे त्यांचे जन्मगाव, तर परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या दातृत्वाची साक्ष देणारा.

त्यांच्या राज्यकारभाराविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याकडे एक आई आणि एक आजी म्हणून पाहण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

माहेर आणि सासर

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. इ. स. १७३३ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौंडीच्या देवळात या मुलीचे तेज मल्हाररावांच्या नजरेत भरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. सासूबाई गौतमाबाई यांच्या हाताखाली त्या संसार शिकल्या आणि मल्हाररावांच्या हाताखाली दौलतीचा हिशेब. सुनेला कारभार शिकवणारा सासरा त्या काळी विरळाच. उत्तरेच्या मोहिमांत असताना मल्हारराव तोफखाना व दारूगोळा यांच्या व्यवस्थेची पत्रे सुनेला धाडीत, यावरून त्यांचा तिच्यावरील विश्वास लक्षात येतो.

इ. स. १७४५ मध्ये पुत्र मालेराव आणि १७४८ मध्ये कन्या मुक्ताबाई यांचा जन्म झाला. घर भरले. परंतु १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने धारातीर्थी पडले. अहिल्याबाईंचे वय त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या, तेव्हा वृद्ध मल्हाररावांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांना परत फिरवले. पुढच्या चाळीस वर्षांत जे काही घडले, ते या एका विनवणीमुळे घडले. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच प्रसंग पुन्हा उभा राहणार आहे आणि त्या वेळी विनवणी करणारी व्यक्ती स्वतः अहिल्याबाई असणार आहेत.

पुत्रवियोग आणि राज्याची धुरा

गौतमाबाई १७६१ मध्ये निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. नातू मालेराव गादीवर बसले, परंतु त्यांचे चित्त स्थिर नव्हते. आईने त्यांच्या उपचारांत कसूर केली नाही, तरीही वर्षही न भरता, १७६७ मध्ये, ऐन बाविशीत ते गेले. वारसा नाही हे पाहून होळकरांची दौलत आपल्या हाती घेण्याचे मनसुबे रचले गेले. दिवाण गंगोबा चंद्रचूड यांनी राघोबादादांना पुढे केले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी माधवराव पेशव्यांची अनुज्ञा मिळवली, तुकोजी होळकरांच्या हाती फौज सोपवली आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. नर्मदाकाठचे महेश्वर त्यांचे राहण्याचे ठिकाण आणि राजधानी झाले.

आजीचे अंगण

आता सारी माया कन्या मुक्ताबाई यांच्याभोवती एकवटली. चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्या शूराला आपली कन्या देईन, असा पण अहिल्याबाईंनी केला आणि यशवंतराव फणसे यांनी तो जिंकला, असे परंपरा सांगते. या दांपत्यास नथ्याबा नावाचा एकच पुत्र झाला. महेश्वरच्या वाड्यात आजीच्या मांडीवर हा नातू वाढला. पतीचे आणि पुत्राचे सुख ज्या हातांतून निसटले होते, त्या हातांना पुन्हा एक लेकरू मिळाले.

सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या माणसांकडून माहिती गोळा करून ती १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यावरून त्यांच्या दिनक्रमाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, ग्रंथश्रवण, दानधर्म, अन्नदान आणि मग स्वतःचे साधे जेवण. त्यांच्या समाजात मांसाहारास मनाई नसतानाही त्यांचा आहार पूर्णपणे शाकाहारी होता. दुपारी दोन प्रहरांनंतर दरबार भरे तो सायंकाळपर्यंत चाले आणि रात्री पुन्हा कामकाज होई. कुणाही प्रजाजनाला त्यांच्यासमोर येऊन आपले गाऱ्हाणे मांडता येत असे.

जीवदयेच्या बाबतीत त्यांचा विचार किती सूक्ष्म होता, हे एका गोष्टीवरून दिसते. उन्हाळ्यात नांगर ओढणाऱ्या बैलांना वाटेत थांबवून पाणी पाजण्यासाठी त्यांनी सेवक नेमले होते. पाखरांना शेतातून हाकलणे हा शेतकऱ्याचा हक्कच आहे, हे त्यांना मान्य होते. म्हणून उभी शेते विकत घेऊन ती त्यांनी पाखरांसाठी मोकळी सोडली. शेतकऱ्याचे नुकसान नाही आणि पाखरूही उपाशी नाही. दया करताना तिचा भार दुसऱ्यावर टाकू नये, हा केवढा मोठा धडा आहे!

निपुत्रिकांचे धन

त्या काळी एखादा सावकार निपुत्रिक वारला की त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जाई. दत्तक घ्यायचे तर आधी जबर नजराणा मोजावा लागे. अहिल्याबाईंनी ही वाट चालू दिली नाही. अशा एका विधवेकडून त्यांच्या अधिकाऱ्याने मोठी रक्कम मागितली असता, त्यांनी दत्तकास मान्यता दिली आणि धन त्या कुटुंबाकडेच राहू दिले. खरगोणच्या निपुत्रिक सावकारांच्या विधवा तर आपणहून सारी संपत्ती घेऊन महेश्वरास आल्या. अहिल्याबाईंनी ती स्वीकारली नाही. हे धन लोकोपयोगी कामी लावा, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्यातून नदीवर घाट व देऊळ उभे राहिले.

ज्याला वारस नाही त्या धनाचे काय करावे, हा प्रश्न त्यांनी अशा रीतीने दुसऱ्यांसाठी सोडवला. काही काळाने हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

सर्वांत कठीण दिवस

इ. स. १७९० मध्ये नथ्याबा आजीच्या डोळ्यांदेखत गेला. त्या दुःखातून घर सावरते न सावरते तोच १७९१ मध्ये जावई यशवंतराव वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. राज्याची स्वामिनी असलेल्या आईने लेकीसमोर पदर पसरला, मला एकटीला टाकून जाऊ नकोस म्हणून विनवले. लेकीचे उत्तर शांत होते. पती गेला, एकुलता पुत्र गेला, आई वृद्ध झाली. तिच्यामागे आपल्याला कोण, असा तिचा प्रश्न होता. आईपाशी त्याला उत्तर नव्हते.

सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांच्या विनवणीने एक जीव वाचला होता. अहिल्याबाईंच्या विनवणीला मात्र यश आले नाही. हजारोंना न्याय देणाऱ्या त्या माउलीला स्वतःच्या लेकीला रूढीच्या हातून सोडवता आले नाही, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद सत्य होय आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या चितेपर्यंत चालत गेल्या. ज्वाला उठल्या तेव्हा दोघांनी त्यांना धरून ठेवावे लागले. पुढचे तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही की कुणाशी शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या उठल्या, लेकीचे स्मारक उभारण्याची आज्ञा दिली आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. त्या वेळी उशाशी ना पुत्र होता, ना कन्या, ना नातू. परंतु अवघा मुलूख त्यांना मातोश्री म्हणत होता.

खासगीची ठेव

अहिल्याबाईंचे दान कोणत्या पैशातून झाले, हे विश्वस्त संस्थांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. फौज आणि कारभार यांसाठी दौलत आणि कुटुंबातील स्त्रीच्या स्वाधीन असलेली खासगी. ही खासगी १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्रपणे लावून देण्यात आली आणि त्यांच्यामागे ती अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी दौलतीचा पैसा दौलतीकडे ठेवला आणि दानधर्म खासगीतून केला. या धनावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ते परमार्थास अर्पण केले, असे सांगतात. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद आणि आपली परळी, तसेच कितीतरी घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे या ठेवीच्या आधाराने उभी राहिली. यातील पुष्कळशी कामे होळकरांच्या राज्याबाहेरची आहेत. तेथून कराचा एक पैसाही त्यांच्याकडे येणार नव्हता.

इंदूर संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये या खासगीच्या देवस्थाने व धर्मादाय कार्यासाठी न्यास स्थापन झाला. पुढे त्याच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उद्भवला. तो सार्वजनिक न्यास आहे आणि त्याची मालमत्ता पूर्वपरवानगीवाचून विकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका वृद्ध आजीने ठेवलेले तुळशीपत्र आजही किती जड आहे, हे यावरून कळावे.

इ. स. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले आणि ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. परळीच्या पायऱ्या चढणारा भाविक हा गौरव जाणत असेल वा नसेल, परंतु पायाखालचा दगड कोणा एका आजीच्या मायेचा आहे, एवढे त्याने स्मरावे. स्वतःच्या नातवाला जे देता आले नाही, ते त्यांनी कधीही न पाहिलेल्या तुमच्या-आमच्या नातवंडांच्या नावे ठेवले. न्यास लहान असो वा मोठा, त्याचा पैसा असाच कोणाच्या तरी मायेतून आलेला असतो. तो आपला नाही, केवळ आपल्या हाती सोपवलेला आहे, ही जाणीव सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी जागी राहिली, तर तेच या लोकमातेस खरे वंदन ठरेल.