डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

मुलांनो, आपण सकाळी भाकरी खाऊन शाळेत येतो आणि दुपारी हुतुतू खेळतो. भाकरीतली शक्ती पायात येते कशी? हे कोडं सोडवायला मोठा हातभार लावणारे शास्त्रज्ञ आपल्याच देशातले होते.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची गरिबी. मॅट्रिकला ते दोनदा नापास झाले, पण तिसऱ्यांदा बसले आणि पास झाले. मद्रासला डॉक्टरकी शिकताना ते खादीचा अंगरखा घालत. साहेब प्राध्यापकाला ते रुचले नाही, म्हणून त्यांना खालच्या दर्जाची पदवी मिळाली.

त्यांचा थोरला भाऊ पुरुषोत्तम संग्रहणीने वारला. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. हे दुःख त्यांच्या मनात घर करून राहिले.

पुढे ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली आणि हार्वर्ड विद्यापीठात संशोधन केले. तिथे फिस्के यांच्याबरोबर त्यांनी स्नायूंतला ए.टी.पी. हा पदार्थ १९२९ साली शोधला. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही तो सापडला. ए.टी.पी. म्हणजे शरीरातले सुटे पैसे. भाकरी ही बंदी नोट; पेशी ती मोडून सुटे करतात आणि लागेल तसे खर्चतात.

एवढे करूनही हार्वर्डला कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. तिथे त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी १९४५ साली फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. याची पहिली चाहूल लागली होती आपल्या मुंबईत! १९२८ नंतर लूसी विल्स या डॉक्टरीणबाईंनी तिथल्या गरोदर गिरणी कामगार बायांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा केला होता. त्या अर्कातला गुण फॉलिक आम्लाचाच होता.

हे आम्ल शरीरात सहविकर बनते. विकर म्हणजे गवंडी, तर सहविकर म्हणजे त्याला विटा पोचवणारा गडी. गडी आला नाही तर गवंडी नुसता बसून राहतो. मग नव्या पेशी नीट होत नाहीत, रक्त कमी पडते. संग्रहणीच्या रोग्यांनाही या औषधाचा गुण आला. भावासाठी उशीर झाला होता, पण इतरांचे भाऊ वाचले.

त्यांच्याच प्रयोगशाळेत हत्तीरोगावरचे औषध निघाले. फॉलिक आम्लासारखे दिसून पेशींना फसवणारे औषधही तिथेच झाले. १९४८ साली बोस्टनचे डॉ. फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिल्याचे जाहीर केले. काही मुलांचा आजार थोडे दिवस हटला. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरतात.

तीन वर्षांत परत येतो, असे पत्नी शेषगिरी यांना सांगून गेलेले सुब्बाराव कधीच परतले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते अमेरिकेतच वारले. १९९५ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आयाबायांनो, दवाखान्यात गरोदरपणी लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी देतात, ती टाकून देऊ नका. आणि मुलांनो, ताटातली पालक, मेथी, हरभऱ्याची उसळ बाजूला सारू नका. त्यांतही तोच गडी असतो.