पाउली आणि न छापलेली फिरकी

व्हिएन्नात १९०० साली जन्मलेले वोल्फगांग पाउली इतरांच्या चुका दाखवण्यात निर्दय होते. जानेवारी १९२५ मध्ये वीस वर्षांच्या राल्फ क्रोनिग यांनी त्यांना सुचवले, की इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असावी. पाउलींनी ते उडवून लावले. क्रोनिग यांनी ते छापलेच नाही. त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी छापले. फिरकी आणि कक्षा यांच्या परस्परक्रियेचे गणित मात्र प्रयोगाच्या दुप्पट येई. १९२६ मध्ये ल्युएलिन थॉमस यांनी सापेक्षतावाद लावून तो घोळ मिटवला, तेव्हा कुठे पाउलींनी माघार घेतली. पुढच्याच वर्षी फिरकीचे गणित बांधले, तेही त्यांनीच! आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर वाहक अशा टोपोलॉजिकल पदार्थांमागे हीच परस्परक्रिया असते. पाउली १९५८ मध्ये झुरिकला वारले. क्रोनिग १९९५ पर्यंत जगले.