बायबलचे पुराण रचणारे फादर स्टीफन्स

मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या ओव्या आपण पाठ करतो. पण त्या ज्या ग्रंथातील आहेत तो 'क्रिस्तपुराण' ग्रंथ बायबलची कथा सांगतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. तेथे त्या काळी कॅथलिकांचे जगणे कठीण होते. रोमला जाऊन ते जेझुइट झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले. पुढील आयुष्य बहुतेक सासष्टीत गेले.

सासष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे देह आणून दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलावून मारले.

नवख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या आणि बायबल होते लॅटिनमध्ये. शिवाय कॅथलिक रीतीप्रमाणे बायबलचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाने लावायचा नसतो. चर्चने परंपरेने जपलेल्या अर्थासह ते वाचायचे असते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये हे पक्के केले. पुढे लोकभाषेतील बायबल वाचायलाही परवानगी लागू लागली.

मग स्टीफन्स यांनी भाषांतर न करता पुराणच रचले. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, आमची पुराणे गेली, आता आम्ही काय वाचावे? पाद्री कथा सांगतो, श्रोते शंका विचारतात, पाद्री अर्थ उलगडतो. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिल्यातील घटना दुसऱ्याची चाहूल म्हणून समजावल्या आहेत. स्वर्गासाठी शब्द वैकुंठ!

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने मला येथे तुलसीदास आठवतात. १५७४ मध्ये आरंभलेल्या 'रामचरितमानस'मध्येही कथा संवादातूनच पुढे सरकते. मात्र एक फरक विसरता येत नाही. जुनी पुराणे हिरावून घेणारी सत्ता आणि नवे पुराण देणारा पाद्री एकाच बाजूचे होते. स्टीफन्स यांचे कौतुक करावे, पण हे जाणून करावे.

सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६१९ मध्ये स्टीफन्स वारले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला गेला.