हिप्परग्याचे गुरुजी

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा (रवा) हे तसे आडवळणाचे गाव. मात्र मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास या गावाला वगळून लिहिता येत नाही. हैदराबाद संस्थानातील निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ या गावात प्रथम आले ते नेते म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून. तेव्हा त्यांच्या अंगावर भगवी वस्त्रे नव्हती. व्यंकटेश भवानराव खेडगीकर या नावाचा, जेमतेम सव्विशीतला एक तरुण राष्ट्रीय शाळेतील मुलांना शिकवण्यासाठी येथे दाखल झाला होता. पुढे लाखो लोकांनी ज्यांचा शब्द मानला, त्या स्वामीजींची जडणघडण याच शाळेच्या वर्गात झाली.

व्यंकटेश यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना १९२० साल उजाडले. त्या वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय या विद्यार्थ्याने त्याच काळात केला आणि सरकारी शाळेकडे पाठ फिरवली. पुढचे शिक्षण अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा राष्ट्रीय संस्थांमध्ये झाले. तेथे त्यांनी लोकशाहीच्या विकासाचा अभ्यास करून पदव्युत्तर पदवी मिळवली. काही काळ कामगारनेते ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून मुंबई व दिल्लीत काम केले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि ते काम सुटले. १९२९ च्या सुमारास त्यांची पावले हिप्परग्याकडे वळली.

व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी आदी मंडळींच्या पुढाकाराने १९२१ मध्ये ही राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. संस्थानातील शिक्षणाची त्या काळातील स्थिती पाहिल्यास या प्रयत्नाचे मोल कळते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठी, कन्नड किंवा तेलुगू घरातील मुलाला प्राथमिक वर्ग ओलांडताच परक्या भाषेतून गणित-इतिहास शिकावा लागे. शाळा मुळातच थोड्या. त्यात खासगी शाळा, व्यायामशाळा, सभा यांवर राजवटीची करडी नजर असे. अशा वातावरणात मराठीतून शिकवणारी आणि देशाभिमान जागवणारी शाळा चालवणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

शाळेची सूत्रे हाती घेणाऱ्या या तरुणाकडे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण नव्हते. सरकारी शाळेतील मास्तरांच्या पाठीशी बरेच काही असे. इन्स्पेक्टरची तपासणी, परीक्षेचा धाक, नोकरी मिळवून देणारा दाखला आणि हातातली छडी यांच्या बळावर वर्ग मुठीत राही. राष्ट्रीय शाळेच्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नव्हती. त्यामुळे परीक्षेच्या भीतीने मुलांना बसवून ठेवणे शक्य नव्हते आणि नोकरीच्या आशेने पालकांना थोपवून धरणेही शक्य नव्हते. मुलगा उद्या कारकूनही होणार नाही, हे ठाऊक असून ज्यांनी त्याला या शाळेत घातले, त्यांच्या विश्वासाचे ओझे शिक्षकांच्या खांद्यावर होते.

मग वर्गावर वचक कशाचा? याचे उत्तर शाळेच्या रचनेतच होते. हिप्परग्याची शाळा गुरुकुलाच्या धर्तीवर चालत असे. शिक्षक व विद्यार्थी एकत्र राहत. राष्ट्रीय शाळांच्या रीतीप्रमाणे प्रार्थना, व्यायाम, सूतकताई आणि श्रम यांना पाठांइतकेच स्थान होते. अशा ठिकाणी शिक्षकाला लपायला जागा नसते. वर्गात वक्तशीरपणावर बोलणारा शिक्षक पहाटे किती वाजता उठतो, हे मुले रोज पाहत असतात. साधेपणाचा उपदेश करणाऱ्याच्या ताटात काय वाढले आहे, हेही त्यांना दिसते. नव्या शिक्षकाची खरी परीक्षा फळ्यासमोर नव्हे, तर उरलेल्या वेळात होत होती. खेडगीकर गुरुजी या परीक्षेत उतरले. अंगच्या कडक शिस्तीची सक्ती त्यांनी आधी स्वतःवर केली. पुढील आयुष्यात तुरुंगातही हा नेम ढळला नाही.

जवळपास याच काळात खानदेशात आणखी एक तरुण शिक्षक अशाच वाटेने चालला होता. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात रुजू झाले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर मुलांच्या खोल्या झाडण्यापासून त्यांच्या आजारपणातील शुश्रूषेपर्यंत सारे त्यांनी स्वतः केले. 'विद्यार्थी' हे मासिक काढले. साने गुरुजींचा मार्ग मायेचा, तर स्वामीजींचा तपाचा. पण न रागावता मुलांना वळण लावायचे तर आधी स्वतःला वळण लावावे लागते, हे दोघांनीही जाणले होते.

मात्र १९३० मध्ये या दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. मिठाचा सत्याग्रह सुरू होताच साने गुरुजींनी शाळा सोडून चळवळीत उडी घेतली. इकडे हिप्परग्यापासून फार दूर नसलेले, ब्रिटिश हद्दीतील सोलापूर त्या वर्षी मे महिन्यात पेटले. तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आले. ज्या शहरात स्वतः शाळा सोडली होती, तेच शहर असे धगधगत असताना वर्गात उभे राहून रोजचा पाठ घेणे सोपे नव्हते. विद्यार्थी असताना एका क्षणात शाळा सोडणारे गुरुजी आता शिक्षक म्हणून शाळेतच थांबले.

हा निर्णय कचखाऊ वृत्तीचा नव्हता. ब्रिटिश हद्दीत काँग्रेसची संघटना होती, वृत्तपत्रे होती, सभा घेता येत होत्या. निजामाच्या संस्थानात यातील काहीही मोकळेपणाने करता येत नव्हते. लढायचे तर आधी लढणारी माणसे तयार होणे आवश्यक होते. सभा भरवण्यास बंदी असलेल्या मुलखात वर्ग हीच एकमेव जागा होती, जिथे तरुणांशी रोज बोलता येत होते. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेल्या शिक्षकाला एकतंत्री राजवटीत प्रजेच्या हक्कांचा पहिला पाठ द्यायचा होता आणि त्यासाठी घाई उपयोगाची नव्हती.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात दुसरे मोठे वळण आले. हिप्परग्याच्या वास्तव्यात त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. रामतीर्थ हेही मूळचे शिक्षकच. लाहोरच्या महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन सोडून ते संन्यासी झाले होते. रामानंद तीर्थांनी मात्र संन्यास घेतल्यावरही वर्ग सोडला नाही. भगवी वस्त्रे धारण केलेला मुख्याध्यापक हे दृश्य पालकांच्या मनात आदर निर्माण करणारे असले, तरी त्यात एक धोकाही होता. गुरूविषयीची भक्ती वाढली की मुले प्रश्न विचारायचे थांबवतात. स्वामीजींच्या शिष्यांतून पुढे जे कार्यकर्ते घडले, त्यांपैकी अनेकांनी त्यांच्याशी राजकीय मतभेद ठेवूनही निष्ठा राखली. त्यांनी मुलांना नुसते पाया पडायला शिकवले नव्हते, याची यापेक्षा वेगळी साक्ष नको.

१९३५ मध्ये हिप्परग्याचा अध्याय संपला. स्वामीजी तेव्हाच्या मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी विद्यालयात आले. हिप्परग्यातील सहकारी बाबासाहेब परांजपे त्यांच्यासोबत होते. खेड्यातील आश्रमवजा शाळेत मुरलेली पद्धत आता मोठ्या गावात रुजवायची होती. तेथेही विद्यार्थ्यांचा ओघ वाढला, तसे राजवटीचे लक्षही वाढले.

अखेर १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला. त्या वर्षी महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातूरला भरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींना तुरुंगवास घडला. त्याच वर्षअखेरीस 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी संस्थानातील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. एका शिक्षकाने शाळा सोडली आणि पाठोपाठ मराठवाड्याचा विद्यार्थीवर्ग रस्त्यावर आला. पुढील दहा वर्षे तुरुंग, भूमिगत कार्य आणि सरहद्दीवरील शिबिरे यांची होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वातंत्र्याचा सोहळा साजरा करत असताना स्वामीजी हैदराबादेत पकडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

स्वातंत्र्यानंतर ते १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून गेले. तरीही सत्तेच्या पदांत त्यांचे मन रमले नाही. शिक्षणाशी नाते मात्र तुटले नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते. भाषणांमध्ये सत्याग्रह, रझाकार आणि पोलिस कारवाई यांचे उल्लेख येतात. त्याआधीची नऊ वर्षे मात्र दोन-चार वाक्यांत उरकली जातात. नव्याने शाळेत पाऊल ठेवणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी खरे तर तीच वर्षे अधिक मोलाची आहेत. वर्ग ताब्यात कसा ठेवावा, हा प्रश्न त्यांनाही पहिल्याच आठवड्यात पडतो. हिप्परग्यात त्याचे उत्तर मिळायला काही वर्षे लागली. त्यासाठी ते तरुण गुरुजी मुलांबरोबर पहाटे उठत होते, त्यांच्याबरोबर जेवत होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यासमोर उभे राहत होते.